गंगाधरपंतांच्या खिशातील पान

विज्ञानकथा म्हणजे करमणूक, आणि तिच्यातील विज्ञान म्हणजे कथानकाला दिलेले निमित्त, अशी समजूत आपल्या वाचकवर्गात अद्याप रूढ आहे. या समजुतीमुळे ज्या थोड्या कथांवर अन्याय झाला, त्यांत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची गणना करावी लागेल. २० मे २०२५ रोजी पुणे येथे नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या साहित्याचे स्मरण पुष्कळांनी केले आणि ते उचितच होते. या कथेच्या वाट्याला लोकप्रियता तर पूर्वीच आली होती. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाले होते. परंतु कथाकाराने तिच्यात जो प्रश्न ठेवला आहे, त्याची चिकित्सा तिच्या लोकप्रियतेच्या मानाने झाली नाही, असे मला वाटते. तो प्रश्न भौतिकशास्त्रातील एका शंभर वर्षांच्या वादाशी निगडित आहे. सूक्ष्म कणांची जी ‘अवस्था’ पुंजयामिकी सांगते, ती त्या कणाचे खरेखुरे वर्णन आहे, की त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याची ती नुसती नोंद आहे? नारळीकरांनी हा प्रश्न इतिहासाच्या अंगणात आणून ठेवला. तेथे तो कितपत रुजला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेचा गाभा वाचकांच्या स्मरणात असेलच. तरीही पुढील विवेचनासाठी तो थोडक्यात सांगतो. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात ते असताना एका ट्रकशी त्यांची टक्कर होते आणि ते एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तेथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य देशभर पसरलेले नाही. मुंबईच्या टाऊन हॉलमधील ग्रंथालयात गंगाधरपंत स्वतःच्याच नावावर असलेला इतिहासग्रंथ उघडतात. त्यांना ठाऊक असलेला इतिहास आणि हा इतिहास पानिपतापाशी वेगळे होतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या इतिहासात त्यांना चाटून जाते. पुढे आझाद मैदानावरील सभेत, अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून गंगाधरपंत भाषणाला उभे राहतात. अध्यक्षीय भाषणांना विटलेला श्रोतृवर्ग त्यांच्यावर तुटून पडतो आणि पंत पुन्हा आपल्या जगात परततात. या सगळ्याचा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ उरते एक फाटके पान: भाऊसाहेबांच्या बखरीतील, गोळी हुकल्याचा मजकूर असलेले.

कथेच्या उत्तरार्धात राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक या अनुभवाचा उलगडा करतो. त्यासाठी तो दोन साधने वापरतो. पहिले साधन ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’चे. एखाद्या नाजूक क्षणी लहानशा कारणाने मोठ्या व्यवस्थेला एकाएकी निराळे वळण लागते, असा तिचा आशय. विश्वासरावांचे पडणे हा तो क्षण. दुसरे साधन पुंजवादाचे. बंदुकीची गोळी कोठे जाईल हे सांगता येते. इलेक्ट्रॉन कोठे सापडेल याची मात्र केवळ संभाव्यता सांगता येते. तेव्हा एका विश्वात तो येथे, दुसऱ्यात तेथे, अशी अनेक विश्वे एकाच वेळी अस्तित्वात आहेत, असे मानता येईल. गंगाधरपंत त्यांपैकी एका विश्वातून दुसऱ्यात जाऊन आले. हे मत नारळीकरांच्या कल्पनेतून निघालेले नाही. ह्यू एव्हरेट या अमेरिकन संशोधकाने १९५७ साली ते गंभीरपणे मांडले आणि आजही त्याला मानणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत.

आता मूळ वादाकडे वळू. पुंजयामिकीत कणाच्या अवस्थेचे एक गणिती सूत्र असते. त्याला तरंगफल म्हणतात. त्यावरून प्रयोगाचे कोणते निष्पन्न किती वेळा मिळेल, हे अचूक काढता येते. या शास्त्राच्या आधारावर ट्रान्झिस्टर आणि लेसर उभे आहेत, तेव्हा सूत्राच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. शंका आहे ती त्याच्या अर्थाविषयी. महसुली कामकाजात आयुष्य गेलेल्या माणसाला हा भेद उताऱ्यावरून चटकन उमगतो. उताऱ्यावर शेताचा गट क्रमांक, क्षेत्र, कब्जेदाराचे नाव असते. कर्नाटक भू-महसूल अधिनियम, १९६४ याच्या कलम १३३ प्रमाणे ही नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण नोंद म्हणजे शेत नव्हे. फेरफार मंजूर झाला म्हणून बांध सरकत नाही. आपले ज्ञान तेवढे दुरुस्त होते. तरंगफल हा असा उतारा आहे काय? तसे मानणाऱ्यांना आपण ज्ञानपक्षी म्हणू. आणि जे म्हणतात की तरंगफल हेच शेत आहे, कागद आणि जमीन असा भेद त्या पातळीवर करता येत नाही, त्यांना वस्तुपक्षी म्हणू. एव्हरेटचे अनुयायी हे या दुसऱ्या पक्षातील सर्वांत निर्भीड. सूत्रात दोन शक्यता असतील, तर दोन्ही प्रत्यक्षात आहेत, असे ते बेधडक सांगतात.

सामान्य व्यवहारात आपण सारेच ज्ञानपक्षी असतो, आणि पानिपताच्याच इतिहासात त्याचे ठळक उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ नंतर सदाशिवरावभाऊंचे काय झाले, याची सर्वांची खात्री पटेल अशी वार्ता पुण्यास पोचली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उपटला, त्याने कोकणात बंड माजवले आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली, तोपर्यंत पुण्यातील कित्येकांच्या लेखी भाऊ जिवंतही होते आणि मृतही. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ लिहून या संशयाला रंगभूमीवर आणले. परंतु पुण्यात कितीही संशय असला, तरी पानिपताच्या मैदानावर जे व्हायचे ते एकच झाले होते. संशय माणसांच्या मनात होता. भाऊंच्या देहात नव्हता. वेदान्तातील दोरी आणि साप यांचा दृष्टान्तही असाच आहे. अंधारात साप दिसला तरी दोरी सर्व वेळ दोरीच असते.

पुंजयामिकीतील संभाव्यता ही याच जातीची आहे, असे म्हणता आले असते तर वाद तेथेच मिटला असता. १९३५ साली आइन्स्टाइनने पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा रोख हाच होता. एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेले, आणि एकाची तपासणी करताच दुसऱ्याविषयी निश्चित विधान करता येऊ लागले, तर त्या दुसऱ्याचे गुण आधीपासूनच ठरलेले असले पाहिजेत. ते सूत्रात दिसत नसतील तर सूत्र अपुरे आहे. घरगुती उदाहरण घेऊ. कोल्हापुरी चपलांच्या एका जोडातील एक चप्पल निपाणीच्या पेटीत आणि दुसरी बेळगावच्या पेटीत घातली. निपाणीची पेटी उघडली आणि डाव्या पायाची चप्पल निघाली, तर बेळगावात उजव्या पायाची आहे हे तत्क्षणी कळते. यात चमत्कार नाही. बेळगावच्या पेटीत काही घडले नाही. निपाणीतील माणसाचे ज्ञान बदलले. इलेक्ट्रॉनचे गूढ एवढेच असावे, अशी आइन्स्टाइनची अपेक्षा होती. त्याच वर्षी श्रोडिंगरने आपल्या सुप्रसिद्ध मांजराची गोष्ट सांगितली, तीदेखील नवलाई म्हणून नव्हे. सूत्राला वस्तू मानले तर मांजर एकाच वेळी जिवंत व मृत म्हणावे लागेल, हे त्याला दाखवायचे होते.

ही अपेक्षा तपासण्याचा मार्ग जॉन बेल या आयरिश भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली शोधला. त्याच्या युक्तिवादाचा गाभा इतका सोपा आहे की तो समजण्यास गणिताच्या पदवीची गरज नाही. समजा, प्रत्येक पेटीला अ, ब, क असे तीन प्रश्न विचारता येतात. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळणार. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला तर उत्तरे नेहमी जुळतात, असा अनुभव आहे. मग आपण म्हणू की दोन्ही पेट्यांत तीन प्रश्नांची सारखीच उत्तरे आधीच लिहून ठेवली आहेत. ठीक. आता उत्तरे तीन आणि त्यांचे प्रकार दोनच. तेव्हा तिन्हीपैकी निदान दोन उत्तरे सारखी असणारच. म्हणून दोन ठिकाणी निरनिराळे प्रश्न विचारले, तरी सरासरीने निदान एक-तृतीयांश वेळा उत्तरे जुळली पाहिजेत. त्याहून कमी जुळणी आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांतून निघूच शकत नाही. आणि पुंजयामिकीचे गणित, विशिष्ट कोनांत केलेल्या मोजणीसाठी, नेमके एक-चतुर्थांश सांगते.

एक-तृतीयांश की एक-चतुर्थांश, हा आता मतभेदाचा विषय न राहता मोजणीचा विषय झाला. प्रत्यक्ष प्रयोगांची मांडणी थोडी निराळी असते, तत्त्व हेच. १९७२ साली फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी, १९८२ साली फ्रान्समध्ये अ‍ॅलन अ‍ॅस्पे यांनी, आणि २०१५ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन प्रयोगशाळांत, पूर्वीच्या प्रयोगांतील महत्त्वाच्या पळवाटा बंद करून, मोजणी झाली. निकाल दर वेळी पुंजयामिकीच्या बाजूने लागला. क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि अँटन झायलिंगर यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या कामाबद्दल. निष्कर्ष असा की इलेक्ट्रॉनची पेटी ही चपलेची पेटी नव्हे. निपाणीतील कृतीचा परिणाम बेळगावात प्रकाशाहून अधिक वेगाने पोचतो असे मानायला आपण तयार असू, तरच आधी ठरलेल्या उत्तरांची कल्पना टिकते. डेव्हिड बोमने १९५२ साली अशीच एक रचना मांडली होती. तीही आजवर खोटी ठरलेली नाही, पण तिची किंमत मोठी आहे.

येथे घाई करून वस्तुपक्षाच्या गळ्यात माळ घालणे मात्र चुकीचे ठरेल. बेलने पाडाव केला तो ज्ञानपक्षाच्या एका शाखेचा: आधीच असलेल्या, पण आपल्यापासून लपलेल्या स्थानिक वस्तुस्थितीची नोंद म्हणजे तरंगफल, असे मानणाऱ्या शाखेचा. २०१२ साली पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ या तिघांनी त्याच शाखेवर आणखी एक घाव घातला. अवस्थेच्या मागे वस्तुस्थिती आहे आणि स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या कणांच्या वस्तुस्थिती परस्परांपासून स्वतंत्र आहेत, एवढे मान्य केले तर अवस्था ही नुसती माहिती ठरू शकत नाही, असे त्यांनी दाखवले. परंतु ज्ञानपक्षाची दुसरी शाखा या दोन्ही आघातांतून वाचते. या शतकाच्या आरंभापासून क्रिस्टोफर फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जोमाने मांडली आहे. तरंगफल ही लपलेल्या भूतकाळाची नोंद नसून, मी अमुक प्रयोग केला तर मला काय अनुभव येईल याविषयीची माझी अपेक्षा आहे, असे ते म्हणतात. त्यांचा उतारा शेताविषयी बोलत नाही. पेरणाऱ्याच्या पुढच्या हंगामाविषयी बोलतो. वाद संपलेला नाही. मात्र वादाची जागा सरकली आहे: जुन्या इतिहासासारखे अज्ञान, म्हणजे घडून गेलेले पण न कळलेले, एवढ्याने पुंजजगताचा उलगडा होत नाही.

आता पुन्हा कथेकडे येऊ. माझ्या मते तिचे वैचारिक सामर्थ्य आणि तिची वैचारिक फट ही दोन्ही याच ठिकाणी आहेत. इतिहासकाराचे ‘कदाचित’ आणि इलेक्ट्रॉनचे ‘कदाचित’ ही दोन निरनिराळ्या कुळांतील आहेत. इतिहासकाराचे ‘कदाचित’ भाऊंच्या मृत्यूसारखे असते: घटना एकच, साक्षी अनेक आणि परस्परविरोधी. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मोजणीपूर्वी एकच ठरलेली स्थानिक घटना होती, असे म्हणण्याची मुभा बेलच्या गणिताने काढून घेतली आहे. राजेंद्र देशपांडे स्वतः सांगतो की गोळीचा मार्ग सांगता येतो आणि इलेक्ट्रॉनचा येत नाही. आणि मग ज्या फरकावर त्याने बोट ठेवले, तोच ओलांडून तो इलेक्ट्रॉनची अनेक विश्वे विश्वासरावांवर सुटलेल्या गोळीला बहाल करतो.

या आक्षेपाला एव्हरेटपंथीय वाचक उत्तर देऊ शकेल. गोळीही अखेर अणूंचीच बनलेली. दारूच्या स्फोटातील सूक्ष्म फरक वाढत जाऊन दोन विश्वांत गोळीचे दोन मार्ग होणे अशक्य नाही. हे मान्य करावे लागेल. परंतु तसे मानले, तर दुसरी अडचण उभी राहते आणि ती अधिक गंभीर आहे. मोठ्या वस्तूंचा हवा, प्रकाश व उष्णता यांच्याशी अखंड संपर्क असतो. त्यामुळे अशा दोन शक्यतांमधील परस्परसंबंध अतिशय वेगाने व्यवहारतः नाहीसा होतो. अनेक-विश्व मतानुसार ही दोन विश्वे त्यानंतर आपापल्या वाटेने जातात. एकातला माणूस दुसऱ्यात पाहुणा म्हणून जाऊन खिशात कागद घेऊन परतू शकत नाही. म्हणजे ज्या सिद्धान्ताच्या बळावर ते फाटके पान शक्य ठरवले आहे, तोच सिद्धान्त त्या पानाला मज्जाव करतो. नारळीकरांना हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांनी राजेंद्राच्या तोंडी संक्रमणाचे कारण अनुमानाच्या भाषेत घातले आहे आणि विज्ञानात असे प्रश्न अनुत्तरित आहेत, याची कबुलीही दिली आहे. विज्ञानाचा आव आणून काहीही दडपून सांगणाऱ्या कथांच्या गर्दीत ही सचोटी उठून दिसते.

कथाकाराचा कल वस्तुपक्षाकडे का असावा, याचाही विचार केला पाहिजे. नारळीकर विश्वरचनाशास्त्रज्ञ होते. आपले विद्यार्थी थाणू पद्मनाभन यांच्यासह त्यांनी समग्र विश्वालाच पुंजयामिकी लावण्याच्या प्रश्नावर काम केले होते. प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ‘कोणाचे ज्ञान?’ या प्रश्नाला उत्तर असते, कारण निरीक्षक बाहेर उभा असतो. साऱ्या विश्वाची अवस्था लिहायची तर बाहेर उभे राहणार कोण? ज्याचा धंदाच विश्वाचा हिशेब मांडण्याचा आहे, त्याला अवस्था ही कोणाची तरी माहिती आहे असे म्हणणे जड जाते. यातील एक योग मात्र लक्षणीय आहे. नारळीकरांचे मामा, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. आणि जेफ्रीज हे संभाव्यतेला सुजाण विश्वासाचे माप मानणाऱ्या परंपरेचे मोठे आचार्य. संभाव्यता जगात असते की माणसाच्या डोक्यात, या वादाच्या दोन्ही बाजू निपाणीहून तासाभराच्या अंतरावरील कोल्हापूरशी नाते असलेल्या एकाच गोतावळ्याच्या अभ्यासविषयांत होत्या, ही गोष्ट आपल्या भागातील वाचकाला सुखावणारी आहे.

साहित्यकृती म्हणून कथेचे मूल्यमापन करताना दोन उणिवा नोंदवणे भाग आहे. पहिली रचनेची. राजेंद्राचा उलगडा हा संवादाच्या वेषातील व्याख्यान आहे. अनुभवाचा धक्का जेथे खोल जायला हवा, तेथे फळ्यावरची आकृती येते. दुसरी उणीव इतिहासदृष्टीची. एका गोळीवर दोनशे वर्षांचा इतिहास टांगणे नाट्यपूर्ण आहे, पण पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. माधवराव पेशव्यांनी सावरलेला डाव पुढे का विस्कटला, याची कारणे पानिपताच्या रणभूमीबाहेरही शोधावी लागतात: १७७२ मधील त्यांचा अकाली मृत्यू, घरातील कलह, दौलतीची रचना, समुद्रावरील सत्ता. पानिपत जिंकले की पुढचे सारे सुरळीत, हे चित्र फारच सोयीचे आहे.

या उणिवांच्या उलट बाजूला एक मोठा गुण आहे. जर-तरच्या विचारात रमणाऱ्या माणसाला कथाकार त्या ‘जर’च्या मुलखात नेऊन सोडतो, आणि तेथेही त्याला खुर्ची मिळत नाही. मराठे जिंकलेल्या त्या देशात अध्यक्षांची भाषणे ऐकून घ्यायला लोक तयार नाहीत. गंगाधरपंतांना हव्या असलेल्या इतिहासात गंगाधरपंतांच्या वक्तृत्वाला जागा नाही, हा उपरोध नारळीकरांनी अतिशय सौम्य हाताने रेखाटला आहे. परतल्यावर पंत यापुढे अध्यक्षपद स्वीकारीत नाहीत. गेलेल्या डावाचे गोडवे गाणाऱ्या व्यासपीठांची सवय असलेल्या आपल्या समाजाला हा शेवट झोंबावा, इतका तो नेमका आहे.

तरीही एक प्रश्न राहतोच, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या फाटक्या पानाची तपासणी कोणी केली? राजेंद्र ते पान पाहतो आणि आपला सिद्धान्त रचायला बसतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. तो पानिपतापर्यंतच्या दशकाच्या अस्सल पत्रांचा होता, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतील चुका काढून दाखवल्या. त्या परंपरेत वाढलेला इतिहासकार प्रथम कागद कोणता, शाई कोणती, छपाई कोणाची, असे विचारील. गंगाधरपंतही बखरींवर सहसा भिस्त ठेवीत नाहीत, असे कथेतच सांगितले आहे. आणि अखेरीस उरलेला एकमेव पुरावा मात्र बखरीचे पान! मला ही विसंगती कथेचा दोष वाटत नाही. तिच्यात संपूर्ण वादाचे मर्म आले आहे. पान खरे मानले तर दुसरे विश्व आहे. पान ही केवळ एका माणसाच्या अनुभवाची नोंद मानली तर आहे तो फक्त गंगाधरपंतांचा अनुभव. वस्तुपक्ष आणि ज्ञानपक्ष यांच्यामधील अंतर त्या एका कागदाच्या जाडीएवढे आहे. वाचकाने कोणत्या बाजूला उभे राहावे, हे कथाकाराने राजेंद्राच्या मुखाने ठरवून टाकले. ते वाचकावर सोडले असते, तर कथा अधिक उंच गेली असती.

सीमाभागातील वाचक ही कथा इतरांप्रमाणे वाचू शकत नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्ह्याचा हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने निपाणी व खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव म्हैसूरकडेच राहावे असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. म्हणजे निपाणी एका कागदावर एकीकडे आणि जमिनीवर दुसरीकडे. अशा गावात ‘तसे झाले असते तर’ हा ओट्यावरचा रोजचा विषय असतो. प्रत्येक शक्यता कोठे तरी खरी झालीच आहे, असे सांगणारा सिद्धान्त अशा माणसाला मोठा दिलासा देऊ करतो. कोठल्या तरी विश्वात आपले घर हव्या त्या राज्यात आहे, मग या विश्वात फार तळमळायचे कशाला?

हा दिलासा घेऊ नये, असे मला वाटते. आणि त्याचे कारण भावनेत नसून वर मांडलेल्या भेदात आहे. १९५६ चा निर्णय माणसांनी घेतला, चर्चा करून, नकाशे पाहून, मते मोजून. तो इलेक्ट्रॉनसारखा अनिश्चित नव्हता. त्याविषयी आपल्याला जे ठाऊक नाही, ते दप्तरांतून काढता येईल. जे अन्याय्य वाटते, ते न्यायालयात मांडता येईल. जी भाषा टिकवायची, ती शाळांतून, ग्रंथालयांतून आणि घरांतून टिकवता येईल. हे सारे करावे लागेल ते याच विश्वात. पुंजयामिकीचा वाद कोणत्याही बाजूने सुटो, घडलेल्या गोष्टीची जबाबदारी तो आपल्या खांद्यावरून उतरवीत नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा वाचताना राजेंद्राचे स्पष्टीकरण थोडे बाजूला ठेवावे आणि पंतांच्या हातातील पानाकडे पाहावे. चांगल्या इतिहासकाराने त्या पानाचे जे केले असते, ते आपण आपल्या कागदपत्रांचे केले, तर नारळीकरांच्या कथेचे ऋण थोडेफार फिटेल.